अकरा पोल

मूळ

"छान टिपलंय," डॉक्टर सबनीस म्हणाले. मी मान खाली घातली, कारण आमच्या मंडळात 'छान टिपलंय'च्या मागून 'पण' येतोच.

"पण या तारा."

टीव्हीवर माझा फोटो होता. हाच टीव्ही आठवड्याचे सहा दिवस किडलेले दात आणि ते घासायची योग्य पद्धत दाखवायचा. रविवारी दहा ते बारा तो आमचा. डॉक्टर सबनीस म्हणजे कराडातले दातांचे डॉक्टर, आणि झरोका छायाचित्र मंडळाचे संस्थापक, अध्यक्ष व जागामालक. त्यांच्या दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये आम्ही चौदा हौशी छायाचित्रकार पेशंटच्या खुर्च्यांवर बसायचो आणि पेशंटसारखेच आपला नंबर लागायची वाट बघायचो, तो लागू नये असंही मनातून वाटत असताना.

मंडळाचा नियम एकच होता. ज्याचा फोटो, त्याने तोंड उघडायचं नाही. दवाखाना दातांचा असूनही. फोटो कुठला, त्यात कोण आहे, का काढला, काहीही सांगायचं नाही. "छायाचित्राला बोलू द्या," असं डॉक्टर म्हणत आणि मग दीड तास स्वतः बोलत. बाकीच्यांनी सूचना करायच्या, पुढच्या रविवारी सुधारलेली प्रत आणायची, पुन्हा सूचना घ्यायच्या. फोटोत सुधारण्यासारखं काही उरत नाही तोवर हे चालायचं. बहुतेक वेळा तोवर फोटोतही काही उरत नसे.

तर माझा फोटो. पाटणच्या वर डोंगरात उंबरधार म्हणून सात-आठ घरांची वस्ती आहे. नोव्हेंबरात एका संध्याकाळी मोटरसायकलवरून भटकताना समोरच्या टेकडीवरून ती दिसली. वाळलेल्या गवताचा उतार, वर घरं, तिरपं ऊन, आणि सूर्य बुडायच्या आधीच एका पडवीत लागलेला पिवळा बल्ब. उतारावरून वस्तीपर्यंत चढत गेलेले विजेचे पोल. आणि आकाशाला ओरखडे काढत गेलेल्या तारा.

डिसेंबरच्या शेवटी मंडळाचं वार्षिक प्रदर्शन असायचं. तीन वर्षांत माझा एकही फोटो भिंतीवर लागला नव्हता.

इथे आण्णांवर एक परिच्छेद होता. नजर भरकटत होती म्हणून काढला. एवढंच ठेवतो: आण्णा, म्हणजे माझे वडील, वायरमन म्हणून रिटायर झाले होते, डावा पाय ओढत चालायचे, आणि माझा कुठलाही फोटो लाइटबिलापेक्षा कमी वेळात बघून "बरं हाय" म्हणत परत द्यायचे. मला त्यांनी एका फोटोपुढे एक मिनिट थांबायला हवं होतं. जास्त नाही, एक मिनिट. फोटो भिंतीवर लागला, काचेत बसला, चार लोक त्याच्यापुढे उभे राहिले, की हा चमत्कार होईल असं माझं गणित होतं.

मंडळाच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'सरकारी सेवा, निवृत्त' असं लिहिलं होतं. दोन डॉक्टर, एक वकील आणि तीन प्राध्यापक ज्या यादीत आहेत, तिच्यात हे शोभून दिसत होतं. मी स्वतः एका पतसंस्थेत कारकून. ते लपवता येण्यासारखं नव्हतं, कारण वकिलांचं खातं आमच्याच शाखेत होतं.

मूळ_२

तारा काढणं अवघड नसतं. तारेच्या शेजारचं थोडं आकाश उचलायचं आणि तारेवर चिकटवायचं. पुन्हा उचलायचं, पुन्हा चिकटवायचं. आपल्याच भिंतीचा रंग खरवडून आपल्याच भिंतीची भेग बुजवावी तसं. धीर लागतो आणि हात हलका लागतो.

माझ्याकडे दोन्ही होतं. इतकं, की मंडळातले सगळे आपापले फोटो माझ्याकडे पाठवायचे. वकिलांच्या देवळावरच्या तारा, प्राध्यापकांच्या बगळ्यामागच्या तारा, डॉक्टरांच्या नातवाच्या कानातून निघालेली तार. तालुक्यातल्या निम्म्या तारा मी उतरवल्या असतील. त्यामुळे मंडळात माझं नाव पडलं होतं वायरमन. "अहो वायरमन, जरा बघा की." "वायरमनला पाठवा, दोन मिनिटांत साफ करील."

मी हसायचो. हसण्यातही माझा हात हलका होता.

दुसऱ्या रविवारी उंबरधारचं आकाश कोरं घेऊन मी गेलो. सगळ्यांनी मान डोलावली. मग वकील म्हणाले, छान झालंय, पण तारा नाहीत तर हे पोल कशाला उभे आहेत? वेड्यासारखे दिसतायत.

त्यांचं बरोबर होतं. दिसत होतेच.

अंतिम

पोल काढले. किती होते ते मोजले नाहीत. काढणाऱ्याला मोजायची गरज पडत नाही.

तिसऱ्या रविवारी फक्त शैलाताई खराडे वेगळं बोलल्या. त्या कॉलेजच्या ग्रंथपाल. मंडळात त्या फारसं बोलत नसत आणि फोटो तर त्याहून कमी काढत. त्या म्हणाल्या, मला पहिला आवडला होता.

"कारण?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"मग ते मत धरता येत नाही, ताई."

शैलाताईंनी पर्सची चेन लावली. मला तोंड उघडायची बंदी होती, त्यामुळे मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ती बंदी त्या दिवशी फार सोयीची वाटली.

अंतिम_नवीन

चौथ्या रविवारी पत्रे गेले. छपरांवरचे पत्रे चकाकत होते, त्यांच्यावर मी कौलांचा रंग चढवला. एका घरावरची डिश काढली. दोरीवरची निळी लुंगी काढली. अंगणात एक बाई वाकून काहीतरी वेचत होती. ती राहू दे की जाऊ दे यावर वीस मिनिटं चर्चा झाली आणि पाठमोरी आहे या मुद्द्यावर ती राहिली.

बल्बबद्दल सगळ्यांचं एकमत होतं की तो फोटोचा प्राण आहे. फक्त थोडा नरम हवा. कंदिलासारखा.

आकाशाचा प्रश्न मात्र बिकट होता. तारा काढून काढून ते धुतलेल्या पाटीसारखं दिसायला लागलं होतं. तेव्हा डॉक्टरांनी मोठ्या मनाने आपलं स्वतःचं आकाश दिलं. ते त्यांनी महाबळेश्वरला काढलं होतं, ढगांसकट, आणि मंडळातल्या कुणालाही ते उसनं द्यायचे. त्या वर्षीच्या प्रदर्शनात ते आकाश चार फोटोंमध्ये होतं.

"आणि गवतावरच्या या तिरक्या काळ्या रेघा," डॉक्टर म्हणाले, "त्यांना हात लावू नका. पायऱ्या आहेत त्या. नजर एकेक पायरी चढत दिव्यापाशी जाते."

मी हात लावला नाही.

अंतिम_नवीन_हीच

फोटोला नाव डॉक्टरांनी दिलं. 'अस्पर्श.'

अंतिम_नवीन_हीच_छपाई

प्रदर्शन टाउन हॉलमध्ये होतं. दुपारी चार वाजता पुण्याहून आलेले परीक्षक एकेका फोटोपुढे उभे राहून बोलणार, सहा वाजता निकाल. बोलणं चालू असताना छायाचित्रकाराने आपल्या फोटोशेजारी गप्प उभं राहायचं. नियम इथेही तोच. साडेतीनलाच डॉक्टरांनी मला खांबाआड घेऊन कानात सांगितलं, की पाहुण्यांनी सकाळी एक चक्कर मारलीय आणि पहिला नंबर जवळजवळ तुमचा आहे.

"फक्त काही बोलायला जाऊ नका, जंगम. ओठ शिवून ठेवा."

आण्णा यायला तयार होतील असं वाटलं नव्हतं. बसायला खुर्ची आहे का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. खिशात, बाकीचे लोक पेन लावतात तिथे, टेस्टर. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती, पण टेस्टर घेतल्याशिवाय ते लग्नालाही जायचे नाहीत. मी त्यांना तो काढून ठेवा म्हणणार होतो. म्हटलं नाही. तेवढा पुरुषार्थ मी त्या दिवशी दाखवला, याची नोंद व्हावी.

भिंतीवरच्या फोटोंपुढून ते चालत गेले. बगळा, देऊळ, डॉक्टरांचा नातू. बरं हाय, बरं हाय, बरं हाय. मग ते 'अस्पर्श'पुढे आले आणि थांबले.

एक मिनिट झालं.

मी घड्याळ बघितलं, कारण अशा गोष्टी नोंदवून ठेवाव्या लागतात. दोन मिनिटं झाली. आण्णा काचेच्या इतके जवळ गेले की तिच्यावर त्यांच्या श्वासाची वाफ धरली. उजव्या हाताचं बोट त्यांनी हवेत धरलं आणि खालून वर, हळूहळू, काहीतरी टिपत नेलं. तीन मिनिटं. तीन वर्षांत मला याहून मोठं बक्षीस कुणी दिलं नव्हतं आणि सहा वाजता मिळणारंही नव्हतं. मी हातांची घडी घालून, लाजल्यासारखं करून उभा राहिलो.

"भाल्या," आण्णा म्हणाले, "ही उंबरधार न्हवं?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

त्यांचं बोट पुन्हा खालून वर गेलं.

"पोल कुठं गेलं?"

"काढले."

"कुणी?"

"मी."

"आणि तारा?"

"त्या पण."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. ते बघत होते ते एखाद्या नव्या हेल्परकडे बघावं तसं, ज्याने चूक केलीय पण ती कुठली हे अजून नीट कळलेलं नाही.

"का?"

"मध्ये येत होत्या. नजरेच्या."

ते पुन्हा फोटोकडे वळले. "सावल्या ऱ्हायल्यात," ते म्हणाले.

मी बघितलं. चार रविवार, चौदा माणसं, एक महागडा टीव्ही. गवतावरच्या त्या तिरक्या काळ्या रेघा, नजर एकेक पायरी चढत दिव्यापाशी नेणाऱ्या, त्या पोलांच्या सावल्या होत्या. पोल नव्हते आणि त्यांच्या सावल्या शिस्तीत डोंगर चढत होत्या.

"अकरा हायत," आण्णा म्हणाले. "बराबर हायत. ही सातवी. हितं माझा पाय गेला."

पाय कामावर मोडला होता एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. कुठे, ते मी कधी विचारलं नव्हतं. ते सांगणाऱ्यांतले नव्हते आणि मी विचारणाऱ्यांतला नव्हतो. ते आता सांगायला लागले, मला नव्हे, काचेला. रस्ता नव्हता. लोखंडी पोल बारा-बारा माणसांनी खांद्यावर गोणपाट टाकून वर नेले. सातवा उभा करताना पायाखालची दरड सुटली आणि पोल आडवा झाला, त्यांच्या पायावर. तीन महिने प्लास्टर. काम तिथेच थांबलं. मग तो सातवा आणि उरलेले चार पोल त्यांनीच जाऊन उभे करून घेतले, काठी टेकत.

तेवढ्यात परीक्षक आले. मागे डॉक्टर, वकील, प्राध्यापक, शैलाताई आणि चाळीसएक माणसं. परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो बघितला, आणि इतकंच म्हणाले, की माणसाच्या हाताचा जिला अजून स्पर्श झालेला नाही अशी ही भूमी आहे. आणि या रेघा. निसर्गाने स्वतःच काढलेल्या पायऱ्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गप्प उभा. नियमच होता.

डॉक्टरांनी आण्णांना बघितलं आणि ओळख करून घ्यायला हात पुढे केला. मंडळाच्या अध्यक्षाने पालकांशी चार शब्द बोलावेत तसे ते बोलले. मुलगा गुणी आहे, कष्टाळू आहे.

"आमचा वायरमन आहे तो, बरं का काका. कुठलीही तार दाखवा, दोन मिनिटांत गायब."

"व्हय?" आण्णा म्हणाले. "मीबी वायरमनच."

"तुम्ही? तुम्ही कुठे?"

आण्णांनी हनुवटीने फोटो दाखवला. "हितं."

डॉक्टर हसले. मग थांबले. त्यांची नजर आण्णांच्या खिशातल्या टेस्टरवर गेली आणि तिथून माझ्यावर आली. फॉर्म त्यांच्याकडेच होता. 'सरकारी सेवा, निवृत्त.'

"ह्येला काढाय दोन मिनटं लागली म्हनायची," आण्णा म्हणाले. "आमाला ओढाय आख्खं एक वरीस लागलं."

परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि फोटोवर वाकले. रेघांवरून त्यांची नजर एकेक पायरी चढत गेली, या वेळी जरा सावकाश.

आण्णांनी बोट पडवीतल्या त्या नरम केलेल्या बल्बवर ठेवलं.

"आन् मंग ह्यो कशावर लागलाय?"

(मध्येच)

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवट साफ राहील.

'अस्पर्श' तांत्रिक कारणास्तव स्पर्धेतून बाहेर ठेवण्यात आलं. पहिलं बक्षीस डॉक्टरांच्याच एका होडीला गेलं. त्या होडीवर तेच महाबळेश्वरचं आकाश होतं, म्हणजे आकाश पहिलं आलं असं म्हणायला हरकत नाही. शैलाताईंनी जाताना मला पहिली प्रत मागितली. मी म्हटलं, कॅमेऱ्याच्या कार्डात जागा नव्हती म्हणून ती पुसली. त्या म्हणाल्या, बरं. आणि पर्सची चेन लावली.

फोटो आजही डॉक्टरांच्या दवाखान्यात आहे, नवी काच घालून, खुर्चीच्या बरोबर समोर. तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसाला दुसरीकडे बघता येत नाही. जुनी काच मी मागून घेतली. ती घरी खिडकीला टेकवून ठेवलीय. तिच्यामागे ज्या दिवशी जे आकाश असेल ते असतं.

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. आता तारा काढायला वायरमन लागत नाही. फोन स्वतःच विचारतो, या तारा काढू का? आणि सावल्याही आठवणीने काढतो.

आणि सुरुवातीला काढलेला परिच्छेद. तो असा होता:

लहानपणी संध्याकाळी गल्लीतली लाइट गेली की सगळे आमच्या दारात यायचे. आण्णा ताटावरून उठायचे, पट्टा बांधायचे, शिडी खांद्यावर घ्यायचे. थोड्या वेळाने लाइट यायची आणि सगळी गल्ली एका आवाजात 'आली' म्हणायची. कुणी आणली ते कुणी म्हणायचं नाही. मीही 'आली'च म्हणायचो, सगळ्यांत मोठ्याने.

मूळ

"आन् मंग ह्यो कशावर लागलाय?"

उत्तर माझ्यापाशी होतं. पण ज्याचा फोटो, त्याने बोलायचं नव्हतं, आणि डॉक्टर माझ्याकडे बघत ओठांवर बोट ठेवून उभे होते. सहा वाजायला अजून अवकाश होता. अजूनही सगळं निभावून नेता आलं असतं. वय झालंय, कधी कधी असं बोलतात, चला आण्णा, चहा घेऊ.

आण्णांनी हात मागे केला, माझ्याकडे न बघता. शिडीवर चढलेला माणूस खाली पक्कड मागतो तसा.

"पेन दे."

फोटोंचे नंबर टाकायचा जाड काळा मार्कर माझ्या शेजारच्या टेबलावर पडला होता. डॉक्टरांनी मान हलवली. नाही, असं. मी मार्कर उचलला, टोपण काढलं, आणि त्या हातात ठेवला.

आण्णांनी पहिल्या सावलीच्या पायाशी टोक टेकवलं आणि काचेवर उभी रेघ ओढली. मग दुसऱ्या सावलीच्या पायाशी. सातव्यापाशी थांबले, डाव्या पायावरचा भार उजव्यावर घेतला, आणि तीही ओढली. अकरा झाल्यावर प्रत्येकाच्या माथ्यावर एक आडवी पट्टी. मग तारा. त्या त्यांनी सरळ ओढल्या नाहीत. दोन पोलांच्या मध्ये किंचित खाली झोल देत, खऱ्या तारेला असतो तेवढाच, डॉक्टरांच्या महाबळेश्वरच्या ढगांवरून नेत नेत, वरपर्यंत.

मागे चाळीस माणसं होती आणि मार्कर कुरकुरत होता. शैलाताई पुढे येऊन उभ्या राहिल्या होत्या. परीक्षक काचेजवळ वाकले होते. डॉक्टर माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, जंगम, थांबवा त्यांना. ज्याचा फोटो त्याने बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प राहिलो.

अकराव्या पोलावरून आण्णांनी शेवटची, बारीक तार खाली आणली, कौलांचा रंग दिलेल्या पत्र्याच्या कडेने, पडवीत, बल्बपर्यंत. तिथे टोक दाबून एक ठिपका दिला. मग दोन पावलं मागे सरकले, मान तिरपी करून खालून वर सगळी लाइन एकदा तपासली, आणि मार्करला टोपण लावून माझ्या हातात दिला.

"हां," ते म्हणाले. "आता लागंल."